शिंपिणीने मागितलेली बंदी

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे चोचीने पानं शिवून घरटं करणारी इवलीशी पक्षीण. ही सगळ्या पाखरांना अंड्यांसाठी पाळणे शिवून द्यायची आणि बदल्यात अळ्या घ्यायची. शिवणारी ती एकटीच, त्यामुळे बाईंचा तोरा काय विचारता! पाळणा पसंत नसेल तर खुशाल उघड्यावर अंडी घाला, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगे.

एका वर्षी बगळा पलीकडच्या तीरावरून तयार पाळणे आणू लागला. ते स्वस्त होते, ऐसपैस होते, आणि बगळा दोन गोड शब्दही बोलायचा. झालं, बुलबुल गेली, मुनिया गेली, आणि शिंपिणीचे पाळणे फांदीवर नुसते लोंबकळत राहिले. घरी तीन पिल्लं चोची वासून बसलेली. त्यांना द्यायला अळी नाही. ती तडक सिंहाकडे गेली आणि रडरड रडली. पलीकडच्या पाळण्यात जन्मलेलं पिल्लू आपली बोली विसरतं, असंही तिने ठोकून दिलं. "महाराज, पलीकडची काडीसुद्धा या तीरावर उतरू देऊ नका," ती म्हणाली. सिंहाला पाळण्यातलं काही कळत नव्हतं, पण हुकूम सोडायला फार आवडायचं. त्याने शब्दन् शब्द तसाच हुकूम काढला आणि घाटावर पहाऱ्याला रानरेडा बसवला.

गिऱ्हाइकं कुरकुरत परतली. शिंपिणीने त्याच दिवशी भाव वाढवला, ऐटीत शिवायला बसली, आणि पाहते तो काय, दोरा संपलेला. तिचा दोरा सावरीच्या कापसाचा. सावरीची झाडं सगळी पलीकडे, आणि तो कापूस इतकी वर्षं हाच बगळा आणून देत होता. ती घाटावर धावली, तर रेड्याने कापूस अडवून ठेवलेला. तिने परोपरीने विनवलं. रेडा शांतपणे म्हणाला, "काडी नाही, तर कापूसही नाही. हुकूम तुमच्याच तोंडचा आहे, बाई."

आता अलीकडचा पाळणा नाही नि पलीकडचाही नाही. बुलबुल अंडी पोटात घेऊन रागाने फिरू लागली, आणि शिंपिणीची पिल्लं उपाशी ती उपाशीच. शेवटी शिंपीण खालमानेने सिंहापुढे गेली आणि तेवढा कापूस सोडा म्हणाली. सिंह वैतागला. हुकुमाला ठिगळं लावायला मी काही शिंपी नाही, ठेवू की उठवू ते सांग, असं त्याने बजावलं. शिंपिणीला रडू आलं, पण ती म्हणाली, "उठवा, महाराज. पलीकडचा एक पाळणा आणते आणि टाका न् टाका उसवून बघते. इतके दिवस नुसती नावं ठेवली, आत डोकावून पाहिलंच नाही." पुढच्या मोसमात बगळा पलीकडे परतताना रिकामा जाईना, त्याच्या चोचीत शिंपिणीने नव्या रीतीने ऐसपैस शिवलेले पाळणे असत.

तात्पर्य : परक्याचा माल दारात अडवून आपला माल सुधारत नाही, तो का खपतो हे तोरा बाजूला ठेवून शिकावं लागतं.