चौथा खांदा

समुद्राचे पाणी खाडीत शिरते आणि खाडीचे पाणी मिठागरांत, अशा जागी वेळखार नावाचे गाव वसले होते. प्रभू येशूचे नाव या किनाऱ्यावर अजून कोणी ऐकले नव्हते, त्या काळी संत हनान महाराज या गावी राहत असत. खजूर घेऊन आलेल्या एका इराणी गलबतातून ते इथे उतरले आणि पुन्हा कधी गलबतावर चढले नाहीत. गावाबाहेर, खाडीच्या तोंडाशी त्यांनी झावळ्यांची एक झोपडी बांधली. आज आपण त्यांना महाराज म्हणतो. गाव त्यांना नुसते 'परका' म्हणत असे.

भाविकहो, संतांच्या कथेत गावेच्या गावे पायांवर लोटांगण घालतात, आंधळे पाहू लागतात, मेलेले उठून बसतात. तसे काही ऐकण्याच्या आशेने कोणी बसले असेल तर त्याने आताच घरी जावे. महाराजांची भाषा अडखळती होती. येताना वादळात डोलकाठी अंगावर कोसळून त्यांचा डावा खांदा मोडला होता, तो हात कायमचा लुळा पडला होता. वादळानंतर किनाऱ्याला लागलेली अनोळखी खलाशांची प्रेते ते एका हाताने ओढून आणत, गोड्या पाण्याने धुवत आणि खाडीपलीकडच्या टेकाडावर पुरत. बोलून सांगणे जमत नव्हते, म्हणून त्यांनी हे काम धरले होते.

तरी सुरुवातीला माणसे येत. संध्याकाळी आगरातले काम संपले की दोघे-चौघे झोपडीपाशी टेकत आणि महाराज त्यांना प्रभूची हकिगत सांगत. एकदा यशोमितही येऊन बसला. यशोमित म्हणजे मिठागरांचा मालक आणि गावकीचा मुख्य. माणूस वाईट नव्हता हो! दुष्काळात त्याने गावाला स्वतःच्या कोठारातले धान्य वाटले होते आणि त्याचा न्याय कोणाला वाकडा वाटला नव्हता. पण आपल्यावाचून गावाचे पान हलत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि हे ठाऊक असणे माणसाला फार महागात पडते.

त्या दिवशी महाराज प्रभूच्या शेवटच्या वाटेची गोष्ट सांगत होते. ज्या लाकडावर मारायचे, तेच लाकूड त्याच्या खांद्यावर दिले होते. तो वाटेत पडला. तेव्हा शेतावरून येणाऱ्या एका वाटसरूला शिपायांनी धरले आणि लाकडाला खांदा द्यायला लावला. एवढे ऐकून यशोमित मोठ्याने हसला.

"ज्या देवाला स्वतःचं लाकूड उचलायला दुसऱ्याचा खांदा लागला," तो म्हणाला, "तो तुम्हाला कसला खांदा देतोय?"

लोकही हसले. यशोमित तेवढ्यावर थांबला असता तर ही कथा झालीच नसती. पण बेवारस मढ्यांना हात लावणाऱ्या माणसाकडे गावाने जाऊन बसावे, हे त्याला रुचले नाही. त्याने गावकी बसवली आणि दंडक घातला की, परक्याच्या झोपडीची पायरी जो चढेल, त्याच्या घरच्या मयताला गाव खांदा देणार नाही. वेळखारात याहून मोठी शिक्षा नव्हती. भांडण कितीही विकोपाला गेलेले असो, मयत झाले की शेजारी येऊन तिरडीखाली उभा राहायचा. तेवढ्या एका भरवशावर माणसे तिथे जन्म काढत. दुसऱ्या दिवसापासून झोपडीकडे येणारी वाट ओस पडली.

एक मघा तेवढी येत राहिली. मघा विधवा होती, डोक्यावर मिठाची टोपली वाहून पोट भरत होती. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परतला नव्हता. महाराज अनोळखी प्रेतांची तोंडे धुताना तिने पाहिले आणि तिच्या मनाने घेतले की, आपल्या माणसालाही कुठल्या तरी किनाऱ्यावर कोणी असेच धुतले असेल. एवढ्यासाठी ती महाराजांना पाणी आणून देऊ लागली, आणि पाणी आणता आणता त्यांच्या प्रभूची झाली. बायका तिला 'मढेवाली' म्हणून चिडवत. पाणवठ्यावर तिच्या घागरीला घागर लागू देत नसत. मघा म्हणे, "मी मेल्यावर मला कोणी उचललं काय नि कावळ्यांनी नेलं काय, मला थोडंच कळणार आहे?"

बिचारीने हिशेब केला तो फक्त स्वतःच्या मरणाचा. तिला फगुण नावाचा तरणाताठा मुलगा आहे आणि तोही मरू शकतो, हे तिच्या ध्यानातही आले नाही. कुठल्या आईच्या येते?

फगुणला आईच्या देवाशी फारसे देणेघेणे नव्हते. पण जाळ्यात मासा लागला की महाराजांचा वाटा तो न चुकता आणून ठेवायचा आणि त्यांच्या बोलण्याच्या हुबेहूब नकला करून त्यांनाच हसवायचा. महाराजांना या गावात हसायला लावणारा तो एकटाच. एका उधाणात यशोमितच्या आगराचा बांध फुटला. फगुण कमरेभर चिखलात उतरून बांध घालत असताना त्याचा पाय कालवाच्या शिंपेने कापला. जखम एवढीशी होती, त्याने लक्षही दिले नाही. काही दिवसांनी त्याची दातखीळ बसली आणि अंग धनुष्यासारखे ताणू लागले.

महाराज त्याच्या उशाशी बसले. अन्न सोडले, पाणी सोडले. चांगला हात त्याच्या कपाळावरून काढला नाही. प्रभूपाशी त्यांनी पदर पसरला, हट्ट केला, शेवटी नुसते रडले. आणि एके दिवशी सकाळी फगुण गेला. महाराजांनी मागितले आणि त्यांना मिळाले नाही. आपल्या वाडवडिलांनी हे लपवले नाही, म्हणून मीही लपवत नाही.

मघा तडक यशोमितच्या दारी गेली. तो ओटीवर बसला होता. त्याला बातमी कळली होती आणि त्याचा चेहरा उतरला होता. आपल्याच बांधावर राबताना पोराला जखम झाली, हे तो विसरला नव्हता. त्याने मघाला बसायला सांगितले, पण ती बसली नाही.

"चार माणसं द्या, मालक," ती म्हणाली. "पायरी मी चढले. पोरानं काही केलं नाही."

यशोमितने डोक्यावरचे पागोटे सारखे केले. मग म्हणाला की, दंडक त्याने घातला आणि पहिल्यांदा त्यानेच मोडला तर उद्या गावकीला कोण विचारील? पण वाट अजून आहे. मघाने पारावर उभे राहून एवढेच म्हणावे की, तो परका माझा कोणी नाही. मग चार काय, सगळे गाव येईल. यशोमित स्वतः पहिला खांदा देईल.

मघा तिथून महाराजांकडे आली. फगुणच्या पायाशी ते भिंतीला टेकून बसले होते. तिने घडले ते सांगितले. भाविकहो, आपल्याला वाटेल की महाराजांनी तिला आता श्रद्धेचा उपदेश केला असेल. महाराजांनी तिचे पाय धरले.

"जा बाई, म्हण तसं," ते म्हणाले. "मी रागावणार नाही. माझा प्रभूही रागावणार नाही. माझ्यामुळं पोराला चार खांदे मिळाले नाहीत, हे मला सोसणार नाही. मी इथं येऊन कोणाचं काही भलं केलं नाही. निदान हे तरी होऊ दे."

मघाने पाय सोडवून घेतले. तिचे डोळे कोरडे होते.

"माझा लेक तुम्हाला आपला वाटा खाऊ घालत होता," ती म्हणाली. "त्याच्या मढ्यासमोर उभं राहून तुम्ही माझे कोणी नाही म्हणू? उठा. बांबू आणा."

दोघांनी मिळून तिरडी बांधली. गावच्या मसणात जागा मिळणार नव्हती, तेव्हा खाडीपलीकडच्या टेकाडावर, त्या अनोळखी खलाशांच्या शेजारी फगुणला न्यायचे ठरले. दुपार कलत होती. भरती चढायच्या आत खाडी ओलांडायला हवी होती. महाराज पुढे, उजव्या खांद्यावर एक बांबू घेऊन, आणि मघा मागे, दुसरा बांबू घेऊन, असे ते निघाले. गावच्या गल्लीतून जाताना ओट्याओट्यांवर माणसे उभी होती. कोणी खाली उतरले नाही. दोन खांद्यांवर तिरडी कशी तोलणार? वळणावर ती कलली आणि फगुण घसरून चिखलात पडला. तोंडावरचे कापड सरकले. कोणीतरी खुदकन हसले, मग गप्प झाले. मघाने पदराने मुलाच्या गालावरचा चिखल पुसला आणि त्याला पुन्हा नीट निजवले.

"आपण दोघं पुढं होऊ," महाराज म्हणाले. "मागची टोकं जमिनीवर घासत येतील. येऊ देत."

मेलेल्या जनावराला ओढत नेतात तसे मुलाला न्यायचे, आणि तेही गावादेखत! मघाने मान हलवली. दुसरे काही करण्याजोगे नव्हतेच. दोघांनी पुढचे बांबू खांद्यावर घेतले आणि पाऊल उचलले. मागून खरखर ऐकावी लागणार म्हणून मघाने दात आवळून धरले. गल्ली संपली, बांध लागला, शिंपल्यांची वाट आली. खरखर ऐकू आली नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आवाज येत नाही."

"मागं बघू नकोस," महाराज म्हणाले. त्यांचीही बघायची छाती नव्हती.

पाहिले ते गावाने. तिरडीची मागची टोके पुढच्यांच्या बरोबरीने, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर होती आणि त्यांच्याखाली कोणी नव्हते. तिरडी हलत नव्हती, कलत नव्हती, चौघांनी तोलून धरल्यासारखी चालली होती. ओट्यांवरची माणसे जागच्या जागी बसली.

यशोमित बांधावर उभा होता. त्याच्या समोरून फगुण गेला. यशोमितला काय वाटले ते त्याने पुढे कधी नीट सांगितले नाही. तो पागोटे टाकून धावत सुटला आणि मागच्या एका टोकाखाली त्याने खांदा घातला. क्षणात त्या टोकाचे सगळे ओझे त्याच्यावर आले. मिठाच्या राशी ज्याने दुसऱ्यांकडून वाहून घेतल्या, तो एका पोराच्या वजनाखाली वाकला. पण त्याने टोक सोडले नाही. शेजारचे टोक तसेच रिकामे होते आणि तसेच वर होते. खाडीचे पाणी पोटरीला लागले, मग गुडघ्याला. त्या साऱ्या वाटेत यशोमितला आपल्या शेजारी कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, ओझे वाहून दमलेल्या माणसाचा.

टेकाडावर तिघांनी खड्डा खणला आणि फगुणला मातीआड केले. माती लोटून झाल्यावर यशोमित विचारू लागला, "मागं माझ्या शेजारी कोण होतं? त्याला धाप लागली होती. खूप दमला होता तो."

महाराज मटकन खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन रडू लागले. "इतकी वर्षं मी तेच सांगत होतो," ते म्हणाले.

मघाने दोघांकडे पाहिले. "उचलायला आला," ती म्हणाली, "तर वाचवायला का नाही आला?"

महाराज म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. मीही त्याला तेच विचारतोय."

यशोमित पुढे होऊन महाराजांच्या पाया पडू लागला. त्यांनी पाय आखडून घेतले आणि मघाकडे बोट केले. तो तिच्याकडे वळून वाकला, तशी ती मागे सरली.

"आज नको, मालक," ती म्हणाली. "आज मला ते सोसायचं नाही."

दंडक त्याच दिवशी सुटला. पण म्हणून गाव काही झोपडीकडे लोटले नाही. काही माणसे येऊ लागली, काही भीतीने आणखी लांबून जाऊ लागली. महाराज पुढे थोडी वर्षे जगले. आपल्या हातून काही झाले नाही असेच ते शेवटपर्यंत मानत होते. जाताना त्यांच्या उशाशी मघा होती आणि पायाशी यशोमित. महाराजांना त्यांनी फगुणच्या शेजारीच ठेवले.

मघा खूप म्हातारी होऊन गेली. तोवर यशोमितही पार वाकला होता. यशोमित तिच्या अंगणात रोज येऊन बसे, घरातले पाणी भरून देई, पण पाया पडायचे नाव त्याने पुन्हा काढले नाही. तीही त्याला कधी काही बोलली नाही. ती गेली तेव्हा सारे वेळखार अंगणात जमले. खांदा द्यायला इतके लोक पुढे आले की ढकलाढकल झाली. यशोमितने हात वर करून सगळ्यांना थांबवले. पुढे दोघे, मागे एक मी, तो म्हणाला, आणि माझ्या शेजारचे टोक बांधापर्यंत रिकामे ठेवा. त्या दिवशी तिरडी कलली की नाही, याबद्दल सांगणारे वेगवेगळे सांगतात. वेळखारात मात्र आजही उंबऱ्यापासून बांधापर्यंत मागचे एक टोक रिकामे नेतात आणि बांधावर त्या घराशी ज्याचे बोलणे बंद असेल, त्याला तिथे हाक मारतात.

पण तिरडी उचलायच्या आधी यशोमितने आणखी एक गोष्ट केली. काठी बाजूला ठेवून तो कष्टाने गुडघ्यांवर बसला आणि मघाच्या पायांवर त्याने डोके टेकले. बराच वेळ ते तसेच टेकलेले होते. या वेळी त्याला नको म्हणायला ती नव्हती.