केरबाचं झाड, तातोबाचं झाड

एकदा एक चेला आपल्या म्हाताऱ्या गुरूपुढं असा वैतागून बसला, की त्याला हसावं का पानी द्यावं त्ये म्हाताऱ्याला कळंना.

वैतागनारच की! गावावरचा डोंगर पार बोडका. चेल्यानं दारोदार हिंडून श्रमदानाला मानसं गोळा केली. पावसाळ्यात सगळं गाव आलं. खड्डं काढलं, रोपं लावली, फोटू काढलं, पोहं हानलं. ज्यानं त्यानं आपल्या रोपाशेजारी आपल्या नावाचा पत्रा रोवला. उन्हाळा लागला तसं मातूर सगळ्यांचं गुडघं दुखाय लागलं. चेला एकटाच झऱ्यावरनं पानी वाहतोय, अन् पारावरची मानसं इचारत्यात, "काय रं, आमचं झाड बरं हाय न्हवं?"

"बाबा, एकट्यानं उरकत न्हाई," चेला म्हनला. "अवंदा झाडं मेली तर गाव परत डोंगरावर पाय ठेवनार न्हाई. चार चांगलं शब्द सांगा की त्यास्नी."

"सांगतो की," म्हनत म्हातारा उठला अन् पारावर गेला. चेला मागं मागं.

पारावर केरबा व्हता. त्याचं अन् त्याच्या चुलतभावाचं, तातोबाचं, बांधावरनं हाडवैर. म्हातारा केरबाच्या कानाला लागला. "तातोबाचं झाड लई तरारलंय गड्या. तुझं पार सुकलं. कुनाला बोलू नगंस."

मग म्हातारा तातोबाच्या गोठ्यात गेला. तिथं बी त्येच, फकस्त नावं उलटी. मग सासूकडं सुनंचं, सुनंकडं सासूचं. सगळं गाव पालथं घातलं.

चेला कपाळ बडवून घ्यायचाच ऱ्हायला. "अवो बाबा! मी गाव जोडतोय, तुमी कळ लावताय? त्ये बी खोटं बोलून?"

दुसऱ्या दिवशी डोंगरावर ही गर्दी! घागरी, हंडं, कळश्या.

"ए तातोबा, माझ्या आळ्यातलं पानी वढू नगंस!"

"तुझ्या आळ्यात पानी हाय कुठं, वढाया?"

"ह्ये श्रमदान न्हवं, तमाशा हाय," चेला करवादला.

म्हातारा म्हनला, "लेकरा, चांगल्या मनानं येनाऱ्याची वाट बघाय झाडाला सवड न्हाई. पानी कुठल्या मनातनं आलं, त्ये झाडाला कळत न्हाई. मानसाला हळूहळू कळतं. आधी त्याला डोंगर चढू तर दे."

चेल्याला काय पटलं न्हाई.

ऐन वैशाखात तातोबाची कंबर धरली, त्यो अंथरुनाला खिळला. चेला त्याच्या झाडाला पानी घालाया वर गेला, तर केरबा आधीच तिथं. एक घागर आपल्या झाडाला वतली, दुसरी तातोबाच्या.

"अन्ना, ह्ये झाड तातोबाचं हाय न्हवं?"

"मग काय मरू देऊ?" केरबा खेकसला. "उद्या उठून म्हनंल, मी निजलो व्हतो म्हनून जिंकलास. अन् त्याला सांगशील तर याद राख!"

मग खाली वाकून त्यानं तातोबाच्या आळ्यात पाला पसरला, ऊन लागू नये म्हनून.

चेला खाली आला. म्हाताऱ्यानं इचारलं, "काय रं, भांडत्यात का अजून?"

"व्हय," चेला म्हनला अन् त्याच्या शेजारी टेकला. "भांडू द्या."