हैबतराव पाटलांचं सोंग

हिंगणमाळ नावाच्या गावात एक गमतीचा रिवाज होता. दरवर्षी चैत्रात भैरोबाचा उत्सव झाला, की देवळापुढच्या पटांगणात गावकरी एक नाटक करायचे. त्याला म्हणायचे सोंगांचा दरबार. एक राजा, एक राणी, एक प्रधान आणि राजापुढे गाऱ्हाणं घेऊन येणारा एक फाटका कुळवाडी शेतकरी, एवढीच पात्रं. संवाद कोणी लिहिलेले नव्हते. जे सुचेल ते बोलायचं आणि बघणाऱ्यांनी पोट धरून हसायचं, एवढाच नियम.

सोंगं मात्र घराण्यांना वाटून दिलेली होती. राणी न्हाव्याच्या घरची. त्या घरातले पुरुष नऊवारी नेसण्यात गावातल्या बायकांना हार जात नसत. प्रधान तेल्याच्या घरचा. राजा कुंभाराच्या घरचा. आणि कुळवाडी? तो पाटलांच्या घरचा! वर्षभर ज्याच्यापुढे सगळं गाव हात जोडायचं, तो पाटील त्या एका दुपारी खांद्यावर घोंगडं टाकून कुंभारापुढे हात जोडून उभा राहायचा. हा रिवाज कोणत्या पूर्वजाने घातला, कोण जाणे. माणूस मोठा बेरकी असला पाहिजे.

कारण त्यात आणखी एक मेख होती. कुळवाड्याने मागायचं ते काहीबाही नाही, गावाचं त्या वर्षीचं खरं गाऱ्हाणं मागायचं. त्यामुळे पाटलाला आधी घरोघरी हिंडून विचारावं लागे, की यंदा राजाकडे काय मागू? थोरले तुळाजी पाटील तर पंधरा दिवस आधीपासून दारोदार फिरायचे. मग पटांगणात कुंभाराचा राजा त्यांना हुबेहूब त्यांच्याच थाटात उत्तरं द्यायचा. लोक हसून हसून लोळायचे आणि सगळ्यांत मोठ्याने तुळाजी पाटीलच हसायचे. गावाचा त्यांच्यावर भारी जीव होता.

तुळाजी पाटील वारले आणि त्यांचे चिरंजीव हैबतराव गादीवर बसले. हैबतराव माणूस वाईट नव्हते, पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. लोक त्यांना बघून उभे राहत, रामराम घालत आणि लगबगीने निघून जात. वडिलांच्या ओट्यावर संध्याकाळी माणूस मावत नसे. आता त्याच ओट्यावर हैबतराव एकटेच पान लावत बसायचे. त्यांना ते फार लागायचं. आपल्यावरही गावाने वडिलांसारखा जीव टाकावा, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती. ती कोणाला बोलून दाखवण्याची मात्र सोय नव्हती. पाटलाने असं काही मागायचं म्हणजे कसंसंच.

त्या वर्षी हैबतरावांनी नदीकाठच्या मळ्यात ऊस लावला. गुरं शिरू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि ते घालताना नदीवर जायची वाट आतच घेतली. नकळत घेतली असं म्हणू या. बायकांना आता पाण्यासाठी टेकडीला वळसा घालावा लागू लागला. सगळे मूग गिळून बसले. एकटी धोंडाई माळीण तेवढी वाड्यावर गेली. हैबतराव दोनदा खाकरले, मांडीवर हात आपटला आणि म्हणाले, "बघू. सुगी होऊ दे, मग बघू." धोंडाईने ते घरोघरी जसंच्या तसं करून दाखवलं. सुगी होऊन गेली, तरी बघणं काही झालं नाही.

चैत्र आला. गेनू कुंभार रिवाजाप्रमाणे घोंगडं घेऊन वाड्यावर आला. हैबतरावांनी घोंगड्याकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, "वडील साधे होते, त्यांनी चालवून घेतलं. पाटलाने हात जोडायचे आणि लोकांनी दात काढायचे, ही काय रीत झाली? यंदा राजाचं सोंग मी घेणार. घोंगडं तू घे."

"जी," गेनू म्हणाला. पाटलापुढे तो दुसरं काय म्हणणार?

हैबतरावांच्या मनात वेगळंच चित्र होतं. आपण राजा म्हणून रुबाबात बसलोय, भारदस्त बोलतोय, लोक टाळ्या वाजवतायत आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसायला जागा नाही. त्यांनी मनापासून तयारी केली. पेटीतला भरजरी फेटा काढला, भिंतीवरची तलवार घासूनपुसून घेतली, घरची नक्षीची खुर्ची पटांगणात नेऊन ठेवली. आठवडाभर आरशापुढे बोलण्याचा सराव केला. घरोघरी जाऊन गाऱ्हाणं विचारायचं मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ते काम कुळवाड्याचं, आणि कुळवाडी तर यंदा गेनू होता.

उत्सवाच्या दिवशी दुपार कलली आणि पटांगण फुलून गेलं. हैबतराव खुर्चीवर बसले. शेजारी नऊवारी सावरत राणी उभी राहिली, पलीकडे प्रधान. हैबतराव गरजले, "दरबार सुरू!"

आणि लोक चटकन सावरून बसले. गप्पा थांबल्या. बायकांनी पदर पुढे ओढले. गावचा कोतवाल पेंगत होता, तो दचकून उभा राहिला आणि कंबरेत वाकून रामराम घालून बसला. हैबतरावांना वाटलं, वा, रंग चढतोय.

गेनू घोंगडं घेऊन पुढे आला.

"बोल, कुळवाड्या, तुझं गाऱ्हाणं काय?"

"काय न्हाई, सरकार. समदं बेस हाय."

झालं. नाटक संपलं. प्रधान राणीकडे बघू लागला, राणी आभाळाकडे.

हैबतराव खुर्चीतून वाकून हळूच म्हणाले, "अरे, असं कसं? काहीतरी माग की. सोंग आहे हे!"

"खरं हाय, सरकार. पर तोंडच उघडत न्हाई. तुमच्यापुढं मागायची सवय न्हाई."

पटांगणात कोणी हसेना, टाळी वाजेना. चारशे माणसं मान खाली घालून बसली होती, चावडीवर बसतात तशी. हैबतरावांना घाम फुटला. सराव केलेलं एकही वाक्य कामी येईना. शेवटी ते कळवळून म्हणाले, "अरे, हसत का नाही कोणी? माझ्या वडिलांच्या वेळी तर हसून लोळायचात!"

मागून धोंडाई माळीण उठली. वय झालेली बाई, तिला आता कोणाची भीड उरली नव्हती. ती म्हणाली, "हसायचं कशाला, पाटील? तुमी वर बसलाय, आमी खाली बसलोय. ह्ये तर आमी रोज बगतो. यात सोंग कुटं हाय?"

हैबतरावांचा हात मिशीवर गेला. कान लाल झाले. एक शब्द उच्चारला असता, तर धोंडाईला पटांगणातून बाहेर जावं लागलं असतं आणि सोंगांचा दरबार त्या दिवशी कायमचा मिटला असता. शब्द ओठांवर आलाही होता. पण समोरच्या त्या चारशे खाली घातलेल्या माना बघून त्यांनी तो शब्द गिळला. आपण एवढी खटपट कशासाठी केली होती, हे त्यांना आठवलं. भीती तर त्यांना आयतीच मिळत होती. ती मागायला ते इथे आले नव्हते.

ते खुर्चीतून उठले. डोक्यावरचा फेटा काढला आणि गेनूच्या डोक्यावर ठेवला. गेनूचं डोकं लहान, फेटा थेट नाकापर्यंत उतरला. कुठल्याशा पोराने फिस्सकन हसू सांडलं. हैबतरावांनी गेनूच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून घेतलं, त्याला खुर्चीत बसवलं आणि हात जोडून समोर उभे राहिले.

आता बोलायचं काय? त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं! मग ते लोकांकडे वळून म्हणाले, "बाबांनो, चुकलो. आता तरी सांगा. काय मागू?"

बायकांच्या बाजूने हळूच आवाज आला, "वाट मागा."

"महाराज," हैबतराव म्हणाले, "नदीची वाट मोकळी करा."

खुर्चीत बसलेला गेनू आता निराळाच माणूस झाला होता. त्याने फेटा वर सारला, नसलेल्या मिशीला पीळ दिला, दोनदा खाकरला आणि मांडीवर हात आपटून म्हणाला, "बघू. सुगी होऊ दे, मग बघू."

हशाचा असा काही स्फोट झाला, की देवळावरची कबुतरं उडाली. हैबतराव गोरेमोरे झाले. आपण असे दिसतो? मग त्यांनाही हसू आवरेना. घोंगड्याचं टोक तोंडात कोंबून ते गदगदा हसले.

पण कुळवाडी हसत उभा राहिला, तर नाटक कसं चालणार? त्यांनी पुन्हा हात जोडले. आता चहूकडून कुजबूज त्यांच्या कानावर येत होती आणि ऐकलेलं ते मोठ्याने बोलत होते.

"महाराज, बायकांना टेकडीला वळसा पडतो."

"पडू दे. चालणं तब्येतीला बरं."

"महाराज, दोन खेपांत सकाळ सरते."

"मग एकच खेप करावी."

"महाराज, परवा तेल्याची सून भरल्या घागरीसकट घसरून पडली. पोटुशी आहे ती!"

हे मात्र हैबतरावांना ठाऊक नव्हतं. कोणीतरी पुटपुटलं आणि त्यांनी ते बोलून टाकलं. त्यांनी प्रधान झालेल्या तेल्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

राजा मात्र ऐकायला तयार नव्हता. गेनू पाय हलवत म्हणाला, "बाई पडली, तर आमी काय करावं? कुंपण निघायचं न्हाई. आमच्या उसाचं काय?"

हैबतरावांच्या मस्तकाची शीर उठली. एवढा निर्दय राजा? ते ओरडले, "ऊस मोठा, की माणूस मोठं? तुम्ही काढत नसाल, तर मी काढतो!"

आणि ते घोंगड्यासकट निघालेच, तरातरा, पटांगणातून मळ्याच्या दिशेने. सगळं गाव उठून मागे धावलं. राणीने नऊवारीचा ओचा वर खोचला आणि तीही पळाली. मळ्यावर पोचताच हैबतरावांनी दोन्ही हातांनी काट्यांची फांदी ओढली. तळहातात काटे घुसले, तरी ते थांबले नाहीत. एक फांदी निघाली, दुसरी निघाली. मग लोकही हात लावू लागले. पलीकडे नदी दिसू लागली.

इतक्यात फेटा सावरत धापा टाकत गेनू पोचला. तो अजून राजाच होता. त्याने दरडावून विचारलं, "कोण रे तो आमचं कुंपण मोडतोय?"

हैबतरावांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पुढची फांदी ओढत ते म्हणाले, "रयत आहे, महाराज!"

तात्पर्य: सोंग घेऊन का होईना, दुसऱ्याच्या जागी उभं राहिल्याखेरीज त्याचं दुःख कळत नाही, म्हणून ज्या गावात नाटक जिवंत असतं आणि थोरामोठ्यांवरही मोकळेपणाने हसता येतं, त्या गावाच्या वाटा फार दिवस बंद राहत नाहीत.