दोन काठ्यांची हलगी

ऐका. जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारा आता कोणी उरलेला नाही.

त्या राज्यात गावाच्या डोक्यावर मोठं तळं होतं. तळ्याला मातीचा बांध आणि बांधाखाली गाव. राजाचे दोन कारभारी होते. एक वरच्या पेठेत राहायचा, दुसरा खालच्या पेठेत.

राजानं एक रीत घालून दिली होती. दवंडीच्या हलगीला दोन काठ्या लागतात, एक जाड, एक बारीक. जाड काठी वरच्या कारभाऱ्याच्या घरी, बारीक खालच्याच्या घरी. दोघांचं एकमत झालं की काठ्या बाहेर यायच्या, हलगी वाजायची, आणि मगच हुकूम खरा.

दवंडी द्यायची धुरपा. नवऱ्यामागं हलगी तिच्याकडे आली होती. तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं.

बरीच वर्षं रीत चालली. मग राजा तीर्थयात्रेला गेला आणि कारभाऱ्यांचं बिनसलं. कारण ऐकाल तर हसाल. दवंडीत पहिलं नाव कोणाचं घ्यायचं, एवढंच.

त्या दिवसापासून काठ्या घरातच राहिल्या. पाटातला गाळ निघेना. बाजाराचा वार ठरेना. लोकांचेही दोन तट पडले. वरच्या पेठेचा न्हावी खालच्या पेठेची दाढी करीना.

एका सकाळी तळ्याची राखण करणारा पाटकरी धुरपाच्या दारात आला. हातात तांब्या होता.

"धुरपाबाई, हे बघा. बांधाचा पाझर."

पाणी गढूळ होतं.

"पाझर तर रोजचाच आहे," ती म्हणाली.

"रोज निवळ असतो. निवळ पाझराला मी भीत नाही. गढूळ झाला म्हणजे बांध आतून माती सोडतोय. आत्ता दोनशे माणसं दगडमाती घेऊन लागली तर वाचेल."

धुरपा तांब्या घेऊन वरच्या कारभाऱ्याकडे गेली. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"गढूळ आहे खरं. पण आधी त्याची काठी घेऊन ये. मी आधी दिली तर पेठ म्हणेल, मी वाकलो."

ती खालच्याकडे गेली. त्यानं तांब्यात पाहिलंच नाही.

"पाटकरी कोणत्या पेठेतला? वरच्या. म्हणजे यांनीच चिखल कालवून पाठवला."

"सरकार, घर माझं बांधाखाली आहे. मी चिखल घेऊन मिरवीन का?"

"बरं, देतो काठी. पण नाव माझं आधी."

ती पुन्हा वर गेली. वरचा म्हणाला, "मग तर मुळीच नाही."

सूर्य डोक्यावर आला होता. धुरपा पायऱ्या उतरली. रडली नाही, हात जोडले नाहीत. घरी गेली, एका हातात लाटणं घेतलं, दुसऱ्या हातात तुरीची काडी, आणि चौकात येऊन हलगी बडवली.

लोक जमले. आधी त्यांनी काठ्यांकडे पाहिलं.

"काकी, ह्या त्या काठ्या नव्हेत," न्हावी म्हणाला.

"नव्हेत."

"मग हुकूम कोणाचा? वरच्यांचा की खालच्यांचा?"

"पाण्याचा." तिनं तांब्या त्याच्यापुढे धरला. "बांध फुटतोय. पाणी दाढी बघून पेठ ओळखेल असं वाटत असेल तर बसा इथंच. मी चालले."

तिनं माती वाहायची पाटी उचलली आणि बांधाकडे चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही. आधी न्हावी उठला. मग दोन्ही पेठा उठल्या.

पण उशीर झाला होता. दिवस मावळताना बांधाचं एक टोक फुटलं. माणसं वाचली. बाकीचा बांध लोकांनी दगडमातीनं धरला, म्हणून गाव वाचलं. धुरपाचं घर गेलं, तळं निम्मं रिकामं झालं आणि त्या वर्षी उन्हाळी पीक आलं नाही. सकाळीच काठ्या मिळाल्या असत्या तर एवढंही गेलं नसतं.

राजा परतला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "धुरपा, घर तुझं गेलं. या दोघांची शिक्षा तू सांग."

"महाराज, फुटलेला बांध यांच्याकडून बांधून घ्या. मोठा दगड दांडीला बांधायचा आणि दोघांनी खांद्यावर वाहायचा. एकेकट्यानं नाही, बरोबरच."

पहिल्या दिवशी दांडीच्या पुढच्या टोकाला कोण, यावरून दोघे भांडले. दगड सुटला तो दोघांच्याही पायांवर पडला. दुसऱ्या दिवशी दोघे लंगडत, पण पावलाला पाऊल जुळवून चालले. बांध पुरा झाला. उरलेल्या दगडांनी धुरपाच्या नव्या घराचा पाया भरला.

मग दोघे आपापली काठी घेऊन तिच्या दारी आले. "ह्या आता तुझ्याकडेच राहू देत."

"पहिलं नाव कोणाचं घेऊ?" तिनं विचारलं.

दोघांनी काठ्या तिच्या उंबऱ्यावर ठेवल्या. वरचा म्हणाला, "आधी काम सांग."

कारभाऱ्यांची मतं दोन असली तरी राज्य चालतं. पण कामाआधी मान आला, की बांध रयतेचा फुटतो.