ठुमली याहाचा सवाल

फार वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या या डोंगरांत मोटारीचा रस्ता यायच्या कितीतरी आधी, आमच्या झिरेपाड्यावर ठुमली नावाची सुईण होती. लहानथोर तिला याहा म्हणायचे. याहा म्हणजे आई. डोंगराच्या या अंगाला जन्मलेल्या प्रत्येक पोराची नाळ तिनंच कापलेली. असं म्हणतात, की बाळाच्या तळव्यावर अंगठा टेकवून ती त्याचा आजा, पणजा, आईचं माहेर, सगळं सांगायची.

त्या काळी पाड्यावर एक दुखणं होतं. म्हातारे त्याला हाडरडी म्हणत. थंडी पडली की काही घरांतल्या पोरांची बोटं सुजायची, डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. हाडं तर अशी दुखायची, की अंगावर नुसतं पांघरूण टाकलं तरी पोर किंचाळायचं. मग बडवा, म्हणजे गावचा भगत, यायचा आणि तापल्या सळईनं पोटावर डाग द्यायचा. पोर गेलं की डाकीण शोधायची. डाकीण नेहमी बाईच निघायची, आणि बहुतेकदा परगावाहून आलेली सून.

सायकी अशीच परगावची सून. तिची दोन पोरं हाडरडीनं गेली होती. तिसरी मुलगी दोन वर्षांची, झोपडीत कण्हत पडली होती, आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली सकाळपासून पंच बसले होते. काही जणांनी हातात दगडही घेतले होते. सासरा वेस्ता उठून म्हणाला, "हिनं माझे दोन नातू खाल्ले. तिसरीला खायच्या आत हिला नर्मदेपार घालवा." बडव्यानं मान डोलावली. सायकीचा नवरा जमिनीकडं बघत राहिला.

तेवढ्यात ठुमली आली. पंचांकडं न बघता ती आधी झोपडीत गेली. मुलीला तिनं उबेत घेतलं, कोमट पाणी घोट घोट पाजलं, गुडघे शेकले. पोरीचं कण्हणं जरा कमी झालं, तेव्हा ती बाहेर आली.

"वेस्ता, तुझी मोठी बहीण कशानं गेली?"

"मला काय ठाऊक? मी रांगत होतो तेव्हा."

"मला ठाऊक आहे. मी माझ्या आईच्या मागं तुमच्या घरी आले होते. तिचे सुजलेले पाय मी या हातांनी शेकलेत. ही सायकी तेव्हा जन्मलीही नव्हती. मग तुझ्या बहिणीला कोणी खाल्लं?"

वेस्ता खाली बसला. मग ठुमली एकेका घराचं सांगू लागली. कोणाचं पोर कोणत्या थंडीत गेलं, त्याच्या बापाचा भाऊ कसा कण्हत होता, आईच्या माहेरी कोणाचे डोळे पिवळे होते. ऊन डोक्यावर आलं तरी तिचं संपेना. असं म्हणतात, की मोहाचं एक पानही तेव्हा हललं नाही, आणि नाल्याचं पाणीसुद्धा ऐकायला थांबलं.

"एक धार आईकडून येते, एक बापाकडून," ती म्हणाली. "एकटी धार दुखवत नाही. हा वेस्ता धडधाकट, त्याचा लेक धडधाकट, सायकीही धडधाकट. दोन्ही धारा एका पोरात मिळाल्या, की हाडं रडतात. सगळ्याच पोरांत मिळत नाहीत. का, ते मला नाही कळलं."

बडवा उठला. "मग तुझ्या जावेचं, रेमटीचं नाव डाकीण म्हणून कोणी घेतलं होतं, याहा? तूच ना?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. ठुमली मातीत बसली.

"मीच घेतलं," ती म्हणाली. "माझं पोर गेलं होतं. मला कोणीतरी हवं होतं. तिच्या पाठीत दगड बसत होते आणि मी बघत होते. ती डाकीण नव्हती रे. त्या पोरात माझीच धार होती, आणि त्याच्या बापाची. सायकीला घालवायचं असेल, तर आधी मला घालवा."

एक एक दगड खाली पडला. सायकीचा नवरा उठला, बायकोचा हात धरून झोपडीत गेला आणि लेकीला मांडीवर घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ठुमली नर्मदेपार घालवलेल्या रेमटीला शोधायला निघाली. नर्मदेला अवकाळी पूर आला होता. असं म्हणतात, की ती पाण्यात उतरली तशी नदी गुडघ्याएवढी झाली, आणि मगरी काठाला लागून निजून राहिल्या. महिन्याभरानं ती परतली. पुढं रेमटी, मागं ठुमली. सगळ्या वाटेत रेमटी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाड्याच्या शिवेवर आल्यावर एवढंच म्हणाली, "पाणी दे."

रेमटीनं माफ केलं की नाही, कोणालाच माहीत नाही. माझ्या आजीनं लहानपणी त्या दोघींना एका अंगणात नागली पाखडताना पाहिलं होतं. बोलत नसत, पण एकीचं सूप भरलं की दुसरी ते उचलायला हात लावायची.

पुढं खूप वर्षांनी डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, या आजाराला सिकलसेल म्हणतात, तो आईबाप दोघांच्या रक्तातून येतो. म्हातारे हसले. "आमच्या याहानं हेच सांगितलं होतं," म्हणाले.

आजही झिरेपाड्यावर सोयरीक ठरण्याआधी मुलगा-मुलगी रक्त तपासून येतात. दोघांतही धार निघाली, तर सोयरीक सहसा पुढं नेत नाहीत, पण कोणी कोणाला नाव ठेवत नाही. आणि तपासणीचे कागद उघडण्याआधी पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी बाई याहाच्या नावानं विचारते, "तुमच्याकडं कोणाची हाडं रडली?" उत्तर मुलाच्या बापानं आधी द्यायचं, अशी रीत आहे.

गेल्या वर्षी एका मुलाचा बाप, शाळेत मास्तर असलेला, अडखळला. "आमच्याकडं तसं कोणी नाही," म्हणाला.

मागून त्याचा थोरला भाऊ काठी टेकत उठला. "माझी रडतात की, मास्तर. घे माझं नाव."

मास्तरांनी भावाला हाताला धरून पुढं आणलं, शेजारी बसवलं आणि सगळ्यांदेखत त्याचं नाव घेतलं.