कोंडाबाईंची गळकी नळी

तांबटआळीत येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा थांब" म्हटलं की तो थांबायचा. "आता जा" म्हणायला माणूस विसरला, तर दिवेलागणीपर्यंत तिथेच उभा.

वय बत्तीस. हाताला काम चांगलं. पण डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, आणि ती नेमकी कालची असायची.

तो हरबामामाच्या हाताखाली काम करायचा. हरबामामा तांब्याच्या नळ्यांना डाख द्यायचा, म्हणजे जोड लावायचा. नळी फुटली की ती तापवायची, कथील वितळवायचं आणि भोक बुजवायचं. पंचक्रोशीत हे काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. आणि नेमकी मामाच्याच कमरेत उसण भरली. मामा खाटेवर आडवा.

अशात कोंडाबाई देशमान्यांचा निरोप आला. नवरा गेल्यापासून बारा वर्षं एकटीने घर चालवलेली करारी बाई. पाच दिवसांनी त्यांच्या लेकीचं, शेवंताचं लग्न, घरच्याच मांडवात. आणि माडीवरच्या बंबातून न्हाणीत गरम पाणी नेणारी तांब्याची नळी ओसरीवर गळत होती. निरोप असा होता, "वऱ्हाडाला आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही, तर तांबटआळीतल्या कुणालाही मी पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही."

मामा कण्हत म्हणाला, "येशा, तुलाच जावं लागणार. आळीची अब्रू तुझ्या हातात आहे. गेल्या गेल्या गळती कुठे आहे ती नीट बघ."

"बघतो, मामा."

येसबा गेला. ओसरीवर बसला. वर पाहिलं. नळीतून थेंब पडला. टप्. दुसरा पडला. टप्. येसबाने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. दुपार झाली. कोंडाबाईंनी भाकरी दिली. ती त्याने वर बघतच खाल्ली. संध्याकाळी घरी आला.

"बघितलीस का?" मामाने विचारलं.

"बघितली."

"मग?"

"नीट गळते, मामा. एकही थेंब चुकत नाही."

मामाने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, नुसतं बघून काय होतंय? गेल्या गेल्या पाणी बंद करायचं!"

"एवढंच ना? उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी येसबा गेला तो थेट माडीवर. बंबाची तोटी गच्च आवळली. खाली न्हाणीत कोंडाबाईंचे भाऊ आप्पा आंघोळीला बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत साबण. डोळे मिटलेले. त्यांनी नळाखाली हात धरला. नळ कोरडा.

"कोण आहे रे माडीवर? पाणी सोड!"

"नाही सोडणार," येसबा वरून म्हणाला. "पाणी बंद करायचं असं मामांनी सांगितलंय."

"अरे, डोळे चुरचुरतायत!"

"मामांना डोळ्यांचं विचारून येतो."

आणि तो खरंच निघाला. कुणी मध्येच पाणी सोडू नये म्हणून तोटीची कळ खिशात घालून. आप्पांना शेवटी विहिरीवर नेऊन धुवावं लागलं. वाटेत दोन कुत्री भुंकली आणि एक म्हातारी घाबरून घरात पळाली.

मामा म्हणाला, "गाढवा, घरात माणसं असतात की नाही? काहीही करायच्या आधी घरातल्यांना विचारायचं!"

"विचारतो, मामा. पहिल्यांदाच सांगितलं असतं तर विचारलं असतं."

तिसऱ्या दिवशी येसबाने सगळं विचारून केलं. पाणी बंद करू का? करा. नळी पुसू का? पुसा. डाखाचा दिवा पेटवू का? पेटवा. नळी तापू लागली. खरं सांगायचं तर काम झोकात चाललं होतं. एवढ्यात दिव्याची ज्योत वाऱ्याने कलली आणि दोरीवर वाळत घातलेल्या आप्पांच्या नव्या धोतराला लागली.

येसबाने दिवा खाली ठेवला. कोंडाबाई लाडू वळत होत्या, त्यांच्याकडे गेला.

"बाई, एक विचारायचं होतं."

"पाक बिघडेल रे. मग विचार."

येसबा अदबीने उभा राहिला. पन्नास लाडू झाले.

"हं, बोल आता."

"आप्पांचं धोतर पेटलंय. विझवू का?"

कोंडाबाई परातीसकट उठल्या. पण तोवर धोतराचा फक्त काठ उरला होता. शेजारचं उपरणंही गेलं होतं. डाखाचं काम तसंच राहिलं.

"बाबा रे," मामा हात जोडून म्हणाला, "आग दिसली की कुणाला काही विचारायचं नाही. बादली उचलायची आणि ओतायची."

"हे बरं सांगितलंत. काल मला फार वेळ उभं राहावं लागलं."

"काल नाही, आजच!"

"हो, तेच."

चौथ्या दिवशी कोंडाबाईंच्या घरी ग्रहमख होतं. होम पेटला होता. शेवंता पिवळं लुगडं नेसून पाटावर बसली होती. गुरुजी तूप सोडत होते. येसबा दारात आला आणि त्याला आग दिसली. आज त्याने कुणाला विचारलं नाही. न्हाणीतली मोठी बादली उचलली आणि ओतली.

होम विझला. गुरुजी विझले. शेवंताच्या हळदीचे ओघळ पार उंबऱ्यापर्यंत गेले. धुरातून कोंडाबाईंचा आवाज आला, "याला बाहेर काढा!"

येसबा घरी येऊन कोपऱ्यात बसला आणि रडला. "मी सांगितलेलं सगळं करतो, मामा. एक शब्द खाली पडू देत नाही. तरी माणसं ओरडतात."

मामाला वाईट वाटलं. उठायला गेला तर कमरेत कळ आली. तो परत आडवा झाला. म्हणाला, "रडू नकोस. उद्या पहाटे शेवटची संधी. कोंडाबाईंच्या पायावर डोकं ठेव आणि गुपचूप डाख दे. आणि एक ध्यानात ठेव. मंगलकार्याच्या घरी ओतायचं नाही, पळायचं नाही. काही झालं तरी हात जोडायचे, 'शुभमंगल सावधान' म्हणायचं आणि अक्षता टाकायच्या. बास."

"बास," येसबा म्हणाला.

पाचवा दिवस उजाडला. कोंडाबाईंनी नाइलाजाने त्याला घरात घेतलं, पण नळीला हात लावू दिला नाही. "ओसरीवर खांबाला टेकून उभा राहा. एवढी वऱ्हाडाची आंघोळ उरकू दे, मग बघू." नळीच्या भोकावर आप्पांनी चिंधी बांधली होती. वऱ्हाड आलं. बंब रसरसून पेटला. आंघोळी उरकल्या. नवरामुलगा आत फेटा बांधत होता, शेवंताला तिच्या मामी मुंडावळ्या बांधत होत्या. मांडवात पाचशे माणसं मुठीत अक्षता धरून बसली होती. वाजंत्रीवाले मांडवामागे. त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. "सावधान" ऐकू आलं की वाजवायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि चिंधी सुटली.

भोकाची भेग झाली, भेगेतून कोमट पाण्याचा फवारा थेट मांडवावर. कोंडाबाई धावल्या आणि दोन्ही हातांनी नळी दाबून धरली. पलीकडून व्याही धावले. भीमराव धायगुडे. उमदा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांनी खांद्यावरचा शेला काढून नळीवर टाकला आणि पलीकडून धरला. मध्ये शेला, इकडे कोंडाबाई, तिकडे भीमराव. दोघं भिजलेली, दोघांचे हात एकमेकांत.

"अरे येसबा," कोंडाबाई ओरडल्या, "बघत काय उभा राहिलास? कर काहीतरी!"

येसबाने आज काही ओतलं नाही. पळालाही नाही. हात जोडले, छाती भरून श्वास घेतला आणि खड्या आवाजात म्हणाला,

"शुभमंगल सावधाऽऽन!"

आणि मूठभर अक्षता दोघांच्या डोक्यावर टाकल्या.

सनई वाजली. ताशा कडाडला. मागच्या माणसांना पुढचं दिसत नव्हतं. पाचशे मुठी उघडल्या. अक्षतांचा असा मारा झाला की कोंडाबाई आणि भीमराव तांदळाने पांढरे झाले. कुणीतरी पेढे वाटायला सुरुवातही केली. नवरामुलगा अर्धा फेटा बांधून बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा?"

येसबा धावत घरी आला. मामा खाटेवर उशीला टेकून वाट बघत होता.

"काय रे, ताशा ऐकला मी. मंगलकार्यात काही घोळ नाही ना घातलास?"

"नाही मामा. तुम्ही सांगितलंत तसंच केलं."

"शाबास! आणि जोड लागला का?"

"लागला की," येसबा म्हणाला. "पाचशे माणसांदेखत. नळीचा तेवढा राहिला."