आव्याची कड

श्रीनिवांतमहाराज गावोगाव फिरत, पण पूर्णाकाठच्या कुंभारघाटाला आले की त्यांचा पाय लवकर निघत नसे. गाव सगळे मडक्यांचे. नदीच्या पायऱ्यांपासून वेशीपर्यंत जिकडे पाहावे तिकडे घागरी, रांजण आणि पणत्या उन्हात वाळत पडलेल्या. त्या वर्षी चैत्रात महाराज आले आणि थेट हरबा कुंभाराच्या ओसरीवर घोंगडी टाकून बसले. गावात मोठी घरे का कमी होती? पण महाराजांना तीच ओसरी आवडे, त्याला कोण काय करणार.

एका मोठ्या दुखण्यापासून हरबाचे हात कापत असत. चाकावर बसला की तोंडाने महादेवाचे नाव आणि हातून एका अंगाला कललेले मडके, हे ठरलेलेच. महाराजांसाठी केलेला माठही तसाच कललेला होता. महाराज त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "कुशीवर निजलेलं लेकरू दिसतंय रे हे. मला असाच माठ हवा होता."

हरबा हसला खरा, पण त्याच्या जिवाला घोर लागला होता. लेकीचे, सगुणेचे, लग्न तोंडावर आले होते. लग्नाच्या मांडवात मडक्यांची उतरंड मांडतात. कुंभारघाटावर मुलीच्या उतरंडीची मडकी बापाच्याच हातची लागत, आणि मांडव पडण्याआधी व्याही येऊन एकेक मडके बोटाने वाजवून पाही. एखादे जरी बद्द वाजले तरी सोयरीक मोडे. हरबाने मडकी घडवली होती, ती भाजायची तेवढी राहिली होती.

आता गोष्ट अशी की, त्या गावात मडकी भाजायचा आवा साऱ्या कुंभारवाड्याचा मिळून एकच लागे. मधल्या मडक्यांना धग चांगली मिळे. नदीकडच्या कडेला मात्र वारा झोंबे आणि तिथली मडकी कच्ची राहत, नाहीतर तडकत. कोणी कुठे रचायचे ते कारभारी राणोजी ठरवत. त्यांचा हात कसबी, आणि त्या हाताचा त्यांना भारी ताठा.

हरबाने हात जोडले. "कारभारी, पोरीची मडकी हायती. एवढ्या बारीला जरा आत जागा द्या."

"आत?" राणोजी चारचौघांत हसले. "तुझी वाकडी मडकी आत रचून माझे रांजण कुठं ठेवू? नदीकडच्या कडेला लाव. आणि तुझे महाराज आलेत ना, त्यांना सांग की वारा धरून ठेवा."

सगळे हसले. हरबा खाली मान घालून घरी आला. सगुणेने बापाचे तोंड पाहिले आणि काय ते ओळखले. ती जवळ बसून म्हणाली, "बाबा, नाय झालं तर नाय. मी हितंच ऱ्हाईन तुमच्यापाशी." ते ऐकून हरबाला रडू आवरेना. महाराज ओसरीवरून सारे ऐकत होते. हरबाने रडत रडत त्यांना कारभाऱ्यांचा तो निरोपही सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवा पेटला. ऊन चढले तसा नदीवरून वारा सुटला, आणि असा सुटला की घाटावरची चिंच मुळापासून हलायला लागली. हरबा आपल्या मडक्यांच्या कडेला धावला. तेवढ्यात महाराज घोंगडी पांघरून आले आणि आव्याच्या त्या कडेला, नदीकडे पाठ करून बसले.

राणोजी म्हणाले, "महाराज, पाठीनं कुठं वारा अडतो का?"

"तूच निरोप धाडला होतास ना?" महाराज म्हणाले. "या पाठीला दुसरा उद्योग तरी काय आहे?"

आणि काय सांगावे! चिंच वाकत होती, नदीत लाटा उठत होत्या, बायकांचे पदर उडत होते, पण आव्यावरची राख जागची हलली नाही. धूर सरळ वर चालला होता. राणोजींनी ते पाहिले, आणि वारा फिरला असेल अशी मनाची समजूत घालून ते घरी गेले. महाराज मात्र दुसरा दिवस उजाडेपर्यंत तिथून उठले नाहीत.

सकाळी व्याही आले. हरबाने राख बाजूला सारली आणि पहिले मडके उचलून त्यांच्या हाती दिले. मडके कललेले होते, पण बोट लागताच खणखणीत वाजले. दुसरेही तसेच वाजले. शेवटच्या मडक्यापर्यंत एकही बद्द निघाले नाही. व्याही हसून म्हणाले, "हरबा, मांडव घाला आता." सगुणेने पदर डोळ्यांना लावला. राणोजींचे रांजणही एकूण एक शाबूत निघाले. असे त्या आव्यात कधीच झाले नव्हते.

महाराज उठू लागले, पण पाय आखडलेले. राणोजी जवळच उभे होते, त्यांनी आधाराला घोंगडीखालून पाठीला हात दिला आणि ते जागीच थबकले. घोंगडी नदीच्या तुषारांनी ओलीचिंब. तिच्यावर वाळू आणि चिंचेचा पाला चिकटलेला. आतली पाठ नदीतल्या दगडासारखी गार पडली होती. हातभर अंतरावर आव्याची राख अजून गरम होती.

"महाराज," राणोजी म्हणाले, "साऱ्या गावाचा वारा तुम्ही एकट्यानं अंगावर घेतला."

"कुणाला तरी घ्यावाच लागतो बाबा," महाराज म्हणाले. "तू हरबाला घ्यायला लावलास. त्याला पेलेना, म्हणून मी घेतला."

राणोजी तिथेच राखेत गुडघे टेकून बसले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, मग उठून हरबापुढे वाकले. हरबा संकोचाने मागे सरायला लागला, तेव्हा महाराजच म्हणाले, "घेऊ दे त्याला दर्शन."

पुढल्या आव्याला राणोजींनी हरबाची मडकी मधोमध रचली. आपले रांजण त्यांनी स्वतःच्या हाताने नदीकडच्या कडेला लावले आणि घोंगडी पांघरून, वाऱ्याला पाठ देऊन ते तिथे बसले. कुंभारघाटावर आजही आव्याची ती कड कारभाऱ्याची असते.